जाईने मागे वळून पाहिलं होतं

स्मृतिदर्शकाच्या पडद्यावर जाई गिरणीच्या फाटकापर्यंत गेली, थांबली आणि तिने मागे वळून पाहिलं. अंधाऱ्या खोलीत बसलेले हेरंब गुळवणी ताठ झाले.

"हा शॉट माझा नाही," ते म्हणाले. "माझी जाई मागे वळून बघत नाही. चाळीस वर्षं मी हेच सांगत आलोय."

डॉ. रुक्साना मुल्लांनी चित्र थांबवलं. कोल्हापूरच्या या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत त्यांनी गुळवणींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बाहत्तर वर्षांचे गुळवणी आधी यायलाच तयार नव्हते. गेल्या वर्षी त्यांचा 'शाईचं शहर – दोन' आला आणि पडला. ज्यांनी पहिला डोक्यावर घेतला होता, तेच लोक मध्यंतरात उठून गेले होते.

पहिला 'शाईचं शहर' गुळवणींनी स्वतःच्याच चित्रकथेवरून काढला होता. तिजोऱ्या फोडणारी जाई, तिचा जखमी जोडीदार आणि रात्रीचं एक गिरणीगाव. दिवे भाड्याने आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून गुळवणींनी आणि त्यांचा कॅमेरामन मित्र दिनकर सासने याने भिंतींवर काजळीने सावल्याच रंगवल्या. पडद्यावर चित्रकथेची पानंच हलायला लागली. पिक्चर सहाच आठवडे चालला, पण पोरं येडी झाली. मिरजेत सतरा वर्षांच्या रुक्सानाने तो अकरा वेळा पाहिला. त्याची कॅसेट कधी निघाली नाही, आणि पुढे पुरात गोदामातल्या सगळ्या प्रिंटा चिखल झाल्या. आता तो पिक्चर फक्त पाहणाऱ्यांच्या डोक्यात उरला होता.

तिथूनच तो परत काढायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. माणूस आठवत असताना त्याच्या मेंदूत उमटणारं दृश्य स्मृतिदर्शक पडद्यावर आणायचा. आवाज नाही, मनातले विचार नाहीत, फक्त चित्र.

आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे, असं त्यांनी गुळवणींना समजावलं. आपण आठवतो तेव्हा मेंदू ती बाहेर काढतो आणि नव्याने लिहून परत ठेवतो. दर वेळी थोडी चूक होतेच. पण प्रत्येकाची चूक वेगळी. म्हणून त्यांनी दोनशे बारा प्रेक्षकांच्या आठवणी एकमेकींवर ठेवल्या. चुका पुसट झाल्या, खरं होतं ते ठळक झालं.

"आणि दोनशे बारांपैकी दोनशे चार जणांची जाई मागे वळून पाहते, सर."

"मग मला का आठवत नाही? पिक्चर मी केलाय."

"आम्ही तो वर्षातून दोन-चारदा आठवला असेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तुम्ही रोज. मुलाखतींत, भाषणांत. जास्तीत जास्त वेळा लिहिलेली प्रत तुमची आहे. सगळ्यात झिजलेली."

दुसरा भाग गुळवणींनी त्याच प्रतीवरून काढला होता. त्यातली जाई दगडासारखी होती, कुणासाठी न थांबणारी. लोकांना ती परकी वाटली, कारण ती परकीच होती.

मग त्यांना वाटलं, तो शॉट दिनकरने परस्पर घेतला असणार, आणि म्हणूनच आपण तो पुसला असणार. दुसऱ्या भागात त्यांनी दिनकरला घेतलं नव्हतं. "तो नुसतं बटण दाबायचा," असं एका मुलाखतीत म्हणालेही होते. त्यानंतर दिनकरने त्यांचा फोन उचलला नव्हता.

त्या रविवारी ते स्वतः गडहिंग्लजला गेले. दिनकर अंगणात मिरच्या वाळत घालत होता. गुळवणींनी उभ्या उभ्या माफी मागितली, शॉटचंही सांगितलं. दिनकर म्हणाला, त्याने त्या पिक्चरचा विचारच सोडून दिला होता. भांडणाच्याही आधीपासून. कॅमेरा विकला तेव्हाच मनाचं ते दार लावून घेतलं होतं.

गुळवणींनी हे फोनवर सांगितलं तशा डॉ. मुल्ला उठून उभ्याच राहिल्या. चाळीस वर्षांत जवळजवळ न आठवलेली आठवण म्हणजे जवळजवळ न झिजलेली आठवण. मात्र यंत्रासाठी आठवणं हेही आठवणंच, त्यामुळे पहिलं वाचन तेवढं सर्वांत शुद्ध मिळणार होतं.

गुरुवारी दिनकर यंत्राखाली बसला. हेरंब शेजारी हवा, एवढीच त्याची अट होती.

पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रं आली. दिनकर एक डोळा कॅमेऱ्याला लावायचा आणि दुसरा उघडा ठेवायचा. एका चित्रात जाई फाटकाकडे चालली होती. दुसऱ्यात, कॅमेऱ्याच्या बाजूला, एक काटकुळा तरुण उभा होता. कोपरापर्यंत काजळी, शर्टाची बटणं तुटलेली. जाई फाटकाशी पोचली तशी त्याने दोन्ही हात हलवून तिला खूण केली. वळ. वळून बघ.

ती वळली. तो तरुण डोळे पुसत होता, आणि काजळी तोंडभर फासली जात होती.

गुळवणी त्या पोराकडे बघत राहिले. त्याला त्यांनी ओळखलं, ते फक्त काजळीवरून.

"मीच सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "का सांगितलं असेल रे?"

"ते तू मला सांगितलंस की. पॅकअपनंतर, गिरणीच्या पायरीवर बसून." दिनकर बोलायला लागला आणि थांबला. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. "तेवढं कुणाजवळ बोललो नाही मी कधी. आता बोललो तर झिजंल का हे?"

चित्र आता साठवलं गेलं आहे, पण शब्द यंत्रात येत नाहीत, ते फक्त तुमच्यापाशी आहेत, असं डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. बोललात तर थोडं झिजेल. दर वेळी थोडं.

"झिजू दे," दिनकर म्हणाला. त्याने डोक्यावरची यंत्राची टोपी काढून डॉक्टरांच्या हातात दिली, खुर्ची ओढून हेरंबच्या समोर घेतली, आणि सांगायला सुरुवात केली.