कवलझरीचं नितळ पाणी

"नळीतूनच श्वास घ्या आणि माझ्या मागेच राहा," इंद्रकुमारने पुन्हा एकदा बजावलं. दुर्गेशचे दात तोवर वाजायला लागले होते, आणि तो अजून गुडघाभर पाण्यातच होता.

"मले नाई जमत. बर्फ हाय हे."

"तुलेच यायचं होतं ना? चल आता," त्याची मोठी बहीण गुंजन म्हणाली.

नाताळच्या सुट्टीत ही दोघं गोंदियाहून कवलझरीला आली होती. अर्जुनी मोरगावपासून जवळच असलेलं हे त्यांच्या केवलराम मामांचं गाव. गावच्या तळ्यावर यंदा नवलच सुरू झालं होतं. शहरातून आलेला इंद्रकुमार लोकांना रबरी पोशाख, काचेचा मास्क आणि तोंडात धरायची नळी देऊन गार पाण्यात तरंगत तळाची सफर घडवायचा. नागझिऱ्याला आलेले पर्यटक वाट वाकडी करून इथे येत. तलाव समितीचे अध्यक्ष मामाच होते. परवानगी त्यांनीच दिली होती.

गुंजनने तोंड पाण्यात घातलं. गार पाण्याने कपाळ ठणकलं. मग नळीतून श्वास घेणं जमू लागलं आणि तिला खालचं सगळं लख्ख दिसू लागलं. दगड, जुनी खोडं, त्यांच्यावर हलणारे उन्हाचे पट्टे. किती सुंदर, असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की उन्हाशिवाय खाली काहीच हलत नाहीये. एक मासा नाही, एक पान नाही. तळाशी गोगलगाईंचे पांढरे शंख लाह्यांसारखे पसरले होते. सगळे रिकामे.

शेजारी तरंगणाऱ्या मामेबहिणीने, भूमिकाने, तिचा दंड ओढला आणि बोट दाखवलं. इंद्रकुमारच्या तराफ्याखाली एक पोतं दोरीने लोंबत होतं. त्यातून निळसर धूर निघावा तसं काहीतरी पाण्यात पसरत होतं.

काठावर आल्यावर दुर्गेश थुंकला. "पाणी कसंतरीच लागते. तांब्याचं भांडं चाटल्यावानी."

"मागच्या वर्षी इथं पाय टाकला की मासोळ्या चावायच्या," भूमिका हळूच म्हणाली. "पाणी हिरवंगार होतं. स्वतःचा हात नाई दिसे."

जवळच धुरपताबाई शिंगाड्याचे वेल ओढून काठावर टाकत होती. दरवर्षी या तळ्यात तीच शिंगाडे लावायची. वेल काळे पडले होते, हातात घेताच तुटत होते.

"काय झालं, आजी?" गुंजनने विचारलं.

"सडून राहिले, माय. काऊन ते नाई समजत."

घरी येताना भूमिका अचानक थांबली. "बाबा वांग्यांवर फवारतात ना, ते मोरचूद. निळंच असते ते, तांब्यापासून बनते."

मामांना सांगितलं, तर ते हसले. "त्याचा धंदाच तो आहे, पोरींनो. पाण्यातलं त्याले समजते का तुमाले?"

मुलांनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मिळवल्या. एकीत तळ्याचं पाणी भरलं, दुसरीत विहिरीचं. बांधाजवळच्या डबक्यातून गोगलगाई आणि बारक्या मासोळ्या पकडून दोन्हींत सोडल्या आणि बरण्या ओसरीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या पाण्यातल्या मासोळ्या सळसळत होत्या. तळ्याच्या पाण्यातल्या उलट्या तरंगत होत्या.

"थंडीनं मेल्या असतील," मामा म्हणाले.

"मग या काऊन नाई मेल्या?" भूमिकाने दुसरी बरणी त्यांच्यासमोर धरली.

मामांनी दोन्ही बरण्या उजेडात धरून पाहिल्या. मग त्यांनी पायांत चप्पल सरकवली.

वाटेत ठरलं तसं पुढचं काम दुर्गेशचं होतं. तो एकटाच तळ्यावर गेला. पर्यटकांची गाडी येण्याची वेळ झाली होती.

"काका, काल मले खाली काईच नाई दिसलं," तो भोळा चेहरा करून म्हणाला. "पाणी परत हिरवं होऊन राहिलं का?"

इंद्रकुमारने कपाळाला आठ्या घातल्या, रस्त्याकडे पाहिलं आणि काठावरच्या आपल्या झोपडीतून एक पोतं खांद्यावर आणलं. तराफ्यावर जाऊन तो ते दोरीला बांधू लागला. तेवढ्यात काठावरच्या बेशरमीच्या झुडपांमागून मामा बाहेर आले. त्यांच्यामागे दोघी मुली होत्या.

"काय टाकून राहिला तू?"

इंद्रकुमार दचकला, पण लपवायला जागाच नव्हती. "मोरचूद है, भाऊ. शेवाल मरता है, पानी साफ रहता है. आपनेच तो बोला था, पानी काँच जैसा होना."

मामा तसं म्हणाले होते खरंच.

गाडीतून उतरलेले पर्यटक तसेच परत गेले. मामांनी कळवल्यावर दुपारी पोलीस इंद्रकुमारला घेऊन गेले. मग मत्स्य खात्याचे एक साहेब आले. त्यांनी पाणी घेतलं, तळाचा चिखल घेतला. काही दिवसांनी पुन्हा येऊन त्यांनी चावडीवर सांगितलं, की विष आता चिखलात बसलं आहे. गुरांना हे पाणी पाजू नका.

"मग तळं कधी सुधरेल, साहेब?" गुंजनने विचारलं.

"सांगता येत नाही, बेटा. काही वर्षं तर जातीलच. कदाचित पूर्वीसारखं होणारही नाही."

शाळेच्या पटांगणात गावाने तिघांचा सत्कार केला. हार घातले. सरपंच म्हणाले, अशी पोरं गावोगावी हवीत. मामा बोलायला उभे राहिले. "जे आमाले दिसायला पाहिजे होतं, ते या लेकरांनी पाहिलं," एवढंच बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजल्या. गुंजनने मान वर केली नाही. आणखी थोडं आधी आलो असतो तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

परतीच्या दिवशी बसला वेळ होता म्हणून तिघं तळ्यावर गेली. धुरपताबाई आपला शिंगाडे काढायचा लाकडी डोंगा पाण्याबाहेर ओढत होती. तिला तो एकटीला ओढवत नव्हता. तिघांनी हात लावला.

"आमगावले जाऊन राहिली मी, लेकीकडं," ती म्हणाली. "इथं आता काय करू?"

"आजी, आमी आणखी काही करू शकतो का?" भूमिकाने विचारलं.

धुरपताबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमी केलं, माय. चांगलं केलं. बाकी आता कोनाच्या हातात नाई."

चौघांनी मिळून डोंगा पळसाखाली नेला आणि पालथा घातला. धुरपताबाईने त्यावर पेंढा पसरला, पेंढा उडू नये म्हणून वर दगड ठेवले, आणि तळ्याकडे न बघता ती गावाच्या वाटेला लागली.