करवंटीभर वाळू

कळशी निम्म्यावर आली आणि धाकूच्या हातातून दोर निसटला. मालननं तो पायाखाली दाबला, मग हातात घेतला, कळशी वर ओढली आणि काठावर ठेवली.

"पाणी पियाचं हाय, की विहीर बघायला आलास?"

धाकू वरमला. "मी ओढतो" असं मोठ्या तोऱ्यात म्हणून बसला होता ना! हा नाटे गावचा खलाशी. तीन वर्षं मचव्यावर शीड ओढलं, मग मुंबई बंदरात हिवतापानं गाठलं आणि दंडांचं पार चिपाड झालं. दंड पुन्हा कमवायला तो भाटे गावी आला होता आप्पांकडे. आप्पा म्हणजे मालनचे मामा. उमेदीत त्यांनी तालीम चालवली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण दंड चाचपून सगळं सांगत.

"मांस गेलंय, मुळं हायत," ते म्हणाले. "जड उचलशील तर खांदा जाईल. हलकं उचल, पण रोज उचल."

गोणपाटाच्या दोन पिशव्या आल्या. प्रत्येकीत चार करवंट्या वाळू. दर सोमवारी एकेक करवंटी वाढवायची. मामांना दिसत नसे, म्हणून वाळू घालायचं काम मालनकडे आलं.

घाई होती ती नारळी पौर्णिमेची. त्या दिवशी भिकाजी तांडेल माणसं निवडायचा. जो एकटा नांगर ओढून वर घेईल तो मचव्यावर, बाकीच्यांनी पुढच्या साली यावं. नाट्याला धाकूची विधवा आई होती, आणि दर्यावाचून दुसरं काम त्याला येत नव्हतं.

बाहेर पाऊस, पडवीत धाकू. मालन सुंभ वळत समोर बसायची आणि मोजायची.

"सतरा... अठरा... एकोणीस... अठरा..."

"फसवतेस गो!"

"खलाशांना मोजता येतं वाटतं?"

"तू समोर असलीस की येत नाय..."

यावर मालन खाली मान घालून सुंभ वळू लागली. तो दिवसभराचा सुंभ नंतर उकलावा लागला.

तिसऱ्या सोमवारी तिच्या ध्यानात आलं, की हे दंड भरले की हा माणूस जाणार. तिनं मामांना ऐकू जाईल अशी करवंटीभर वाळू घातली आणि ते आत वळताच तेवढीच काढून घेतली. पुढच्या सोमवारीही तेच. प्रेमात माणसं काय काय चोरतात. हिनं वाळू चोरली.

"हलकीच लागतात गो आता!" धाकू हरखून म्हणायचा. विसाचे साठ झाले, साठाचे शंभर. मालनला ते दंड भरताना दिसायला हवे होते, पण ती बघत होती त्याचा चेहरा. प्रेमाच्या आजारात हे असंच होतं.

पौर्णिमेच्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. खाडीच्या वाटेवर तिनं त्याला गाठलं.

"नांगराला हात लावू नको."

"का गो?"

"तिसऱ्या सोमवारपासून पिशव्या वाढल्याच नाहीत. मी घालत होते ती वाळू... काढून घेत होते. तुझा खांदा जाईल रे!"

"काढत होतीस? कशापायी?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

धाकूचा चेहरा उतरला. "माझी आवस वाट बघतेय, मालन," एवढंच तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

किनाऱ्यावर माणसं जमली होती. धाकूनं दोर धरला. पहिल्या हिसक्याला नांगर हललासुद्धा नाही. कुणीतरी हसलं. त्यानं पाय रोवले आणि हात-हात दोर मागे घेत सावकाश ओढत राहिला... शेवटी चिखल गाळत नांगर वर आला. दहा आठवडे रोज हलकंच ओझं, विसदा, साठदा, शंभरदा, तेवढ्यानंच त्याचं काम केलं होतं. तांडेल म्हणाला, "उद्या भरतीला ये."

मालन माडाआड उभी होती. त्याला अडवायचं म्हणून जे केलं, त्यानंच तो निघाला होता. धाकू तिच्यासमोर येऊन थांबला.

"रागावलास?"

"सकाळी लय. आता नाय..." तो घुटमळला. "तू थांब म्हण. तांडेलाला नाय म्हणून येतो. आप्पांच्या बागेत राबेन."

इतके दिवस जे चोरून मागत होती, ते आता न मागता मिळत होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो बोलत होता तिच्याशी, पण नजर घडीघडी मचव्याकडे जात होती. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली.

"जा," ती म्हणाली. "तुळशीचं लग्न झालं, की आवशीला घेऊन मामाकडं ये."

"आणि उशीर झाला तर?"

"तर मीच येईन नाट्याला," मालन म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.