सिंगापूरहून आलेली बिस्किटं

नेत्रा बापट दारात येऊन उभी राहिली तेव्हा सारंग तिसरं बिस्किट तोंडात टाकत होता. बिस्किट नारळाचं होतं, खुसखुशीत. वर्षअखेरच्या सुट्टीत धीरज सबनीस सिंगापूर फिरून आला होता आणि जपानी रिवाजाप्रमाणे त्याने ऑफिसातल्या सोबत्यांना एकेक डबा वाटला होता.

"स्नेहलताताई, मला चोर ठरवलंय," नेत्रा म्हणाली आणि मटकन खाली बसली.

सारंगची थोरली बहीण स्नेहलता कारखानीस विमा कंपन्यांसाठी खोटे दावे उकरून काढायची. टोकियोच्या कोतो भागातल्या या दोन खोल्या हेच तिचं घर आणि हेच तिचं ऑफिस. सारंग सॉफ्टवेअरवाला. प्रोग्राममधली चूक त्याला चटकन दिसे, माणसांतली कधीच नाही.

"धीरज नव्हता तेव्हा त्याच्या आईच्या पाटल्या गेल्या. शैलजाकाकू ग्योतोकूच्या घरी एकट्या होत्या, म्हणून जादा किल्ली माझ्याकडे होती. कुलूप मोडलेलं नाही, खिडक्या बंद. सोमवारपर्यंत पाटल्या परत केल्या नाहीत तर पोलिसांत जाईन, म्हणतोय धीरज. माझ्या नवऱ्याचं विद्यापीठातलं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. पोलिसांत माझं नाव गेलं तर ते वाढणार नाही, मग व्हिसा कुठला? आणि हळदीकुंकवाला मला सोडून सगळ्यांना बोलावणं गेलंय."

स्नेहलताने बिस्किटांचा डबा सहज उलटा केला. खालच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर जपानीत घटक पदार्थ छापलेले होते आणि आयात करणाऱ्या कंपनीचा ओसाकाचा पत्ता.

"तुला नारळ चालत नाही का?" सारंगने विचारलं.

"चालतो की," ती म्हणाली आणि कोट चढवू लागली.

धीरजच्या ग्योतोकूच्या फ्लॅटमध्ये शैलजाकाकू हीटरजवळ बसल्या होत्या. घर लख्ख होतं. धीरजने अगत्याने चहा आणला.

"पाटल्या मेतकुटाच्या डब्यात होत्या. थंडीत स्वेटरच्या बाहीत अडकतात म्हणून काढून ठेवलेल्या," काकू म्हणाल्या. "नेत्राला मीच दाखवल्या होत्या. माझ्या विभाला द्यायच्यात, हेही बोलले होते. जावई गेल्यापासून लेकीच्या अंगावर गुंजभर सोनं उरलेलं नाही. धीरजलाही सांगितलं होतं. हा काही बोलला नाही."

"त्या दिवशी काय झालं?"

"दुपारी खालचा जयप्रकाश भाजी देऊन गेला. मग मी कुलूप लावून नेत्राकडे गेले. संध्याकाळी नगरपालिकेचा भोंगा गाणं वाजवतो ना, मुलांनी घरी जावं म्हणून? तो वाजून गेल्यावर थोड्याच वेळात धीरजचा फोन आला. कुठे आहेस, विचारलं. नेत्राकडे म्हटल्यावर म्हणाला, तिथेच थांब, जेवूनच ये. इथे काळोख झालाय, दिवे लागलेत, फार सुंदर दिसतंय म्हणाला. माझी मेलीची काळजी तिथेही सुटेना याला." काकूंनी लेकाकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं. "त्याच वेळी नेत्रा दूध आणायला कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात गेली होती. मला बोलायला जिवावर येतंय, पण गेली होती खरी. रात्री घरी येऊन डबा उघडला, तर पाटल्या नाहीत."

नेत्राने मान खाली घातली. सारंगला तिची कीव आली आणि थोडा संशयही.

"सिंगापूर कसं वाटलं?" स्नेहलताने धीरजला विचारलं.

धीरज खुलला. सिंहाच्या तोंडातून पाणी पडणारा पुतळा, काचेच्या घुमटातली बाग, लिटल इंडियातला डोसा, सगळं त्याने रंगवून सांगितलं. "रस्त्यावर कागदाचा कपटा नाही हो. आईला फोन केला तेव्हा त्या पुतळ्यापाशीच उभा होतो."

"आणि बिस्किटं?"

"लिटल इंडियातल्या एका दुकानातून. सारंगला आवडली ना?"

सारंगने मनापासून मान हलवली.

जयप्रकाश खालच्याच मजल्यावर राहायचा. "मी भाजी दिली आणि मुलांना घेऊन बर्फावर घसरायला गेलो. तीन कुटुंबं होतो आम्ही. हा गुडघा बघा!" त्याने सुजलेला गुडघा पुढे केला. शिवाय किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती.

जिन्यात सारंग कुजबुजला, "म्हणजे नेत्राच ना गं, ताई? किल्ली तीनच जणांकडे. काकू, नेत्रा आणि धीरज. धीरज तर परदेशात."

"चल वर," स्नेहलता म्हणाली. आवाजात शिसारी होती.

सगळे पुन्हा हीटरभोवती बसले.

"धीरज, तुझ्या डब्याखाली जपानी पट्टी आहे. बाहेरचा खाऊ इथे विकायचा तर ती लावावी लागते. सिंगापूरच्या दुकानातल्या डब्यावर ती कशी येईल?"

धीरज हसला. "बरं, इथेच घेतली. तिथे राहून गेली. खूप जण असंच करतात."

"करतात. म्हणून तेवढ्यावरून मी काही ठरवलं नव्हतं. पण मग लिटल इंडियातलं दुकान कशाला काढलंस? असो. आता काळोखाचं सांग. इथला भोंगा थंडीत साडेचारला वाजतो. सिंगापूर आपल्यापेक्षा एक तास मागे. तिथे तेव्हा दुपार होती. ते गाव विषुववृत्ताजवळ, बाराही महिने सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. भर उन्हात तुला दिवे कुठले दिसले?"

धीरजने कप खाली ठेवला.

"इतकी वर्षं इथे काढलीस, हिवाळ्यात पाच वाजायच्या आत काळोख पडायचाच हे अंगवळणी पडलं. खिडकीबाहेर दिसलं ते बोललास. टोकियोत कुठल्या हॉटेलात होतास, की इथेच स्टेशनसमोर? आई घरी नाही याची फोनवर खात्री केलीस, तिला जेवणापर्यंत अडकवलंस आणि स्वतःच्या किल्लीने आत आलास. गेला असशील सिंगापूरला, तर दाखव पासपोर्ट. तिकीट दाखव. एक फोटो तरी, तू असलेला."

धीरजने लॅपटॉपची बॅग पायाशी ओढून घेतली.

"पाटल्या घरातच असणार. इथे सोनं विकायचं तर ओळखपत्र दाखवावं लागतं. तेवढं धाडस तुझ्यात नाही."

धीरज फणकारला, "सगळं विभाच्याच घशात घालायचं का? मी इथे राबतो, मी सांभाळतो! समोरासमोर नाही म्हटलं असतं तर आईने रडून गोंधळ घातला असता. पाटल्या हरवल्या असत्या तर विषयच संपला असता."

"आणि मी?" नेत्राने विचारलं.

"तुझ्यावर नुसता संशय राहिला असता. सिद्ध थोडंच झालं असतं?"

या माणसाबरोबर सारंग रोज डबा खात होता. नारळाचा तो गोडसर वास घशाशी आला आणि खाल्लेली बिस्किटं ओकून टाकावीत असं त्याला वाटलं. चोरीपेक्षा त्या 'नुसता' शब्दाची त्याला जास्त किळस आली.

धीरजने लॅपटॉपच्या बॅगेतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि आईपुढे धरली. काकूंनी हात पदराखाली ओढून घेतले.

"मला नकोत तुझ्या हातून. तिला दे."

त्याने पुरचुंडी नेत्राच्या ओंजळीत ठेवली. काकू गुडघ्यावर हात टेकत उठल्या. चपलांच्या फडताळाशी जाऊन त्यांनी आपली शाल अंगावर घेतली.

"नेत्रा, तुझ्याकडे मी चोर म्हणून बोट दाखवलं. हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. विभा मला न्यायला येईपर्यंत या पाटल्या तुझ्याकडे राहू देत." त्यांनी कमरेची किल्ली काढून धीरजच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "आणि चालणार असेल तर मीही."