देवकाबाईंची गॅसबत्ती

खोटं वाटेल त्याने अल्लीपूरच्या शिवारात जाऊन दौलतरावांना विचारावं. सांगायचं की नाही, ते मात्र त्यांच्या मनावर.

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. सोमवार होता.

दौलतरावांची बायको चतुराबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भाजीच्या वावरात दोन खोल्यांचं घर, त्यात एकटा माणूस. दिवस वांगी-मिरच्यांत निघून जाई. दिवेलागणीला मात्र घर खायला उठे.

अशातच वर्ध्याच्या एका भंगाराच्या दुकानात त्यांना जुनी पितळी गॅसबत्ती सापडली. टाकीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं...

सौ. देवकाबाई मोतीलाल.

मुलगा वैभव फोनवर वैतागला. "बाबा, तुमाले सोलरचा दिवा देला ना. हे भंगार काऊन आणलं?"

"तो दिवा मुका हाय रे. हे आवाज तरी करते."

खरंच, नवी जाळी बांधून पेटवली की बत्ती सूऽऽ करत राही. घरात कोणीतरी असल्यासारखं वाटे. फक्त तासाभराने हवा कमी होई, उजेड लाल पडे. मग उठून पंप मारायचा.

त्या सोमवारी दौलतरावांचा खाटेवर डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन तास उलटले होते.

बत्ती लख्ख जळत होती.

मंगळवारी ते मुद्दाम डोळे मिटून पडले. सूऽऽ बारीक झालं. मग...

फस्... फस्... फस्...

पंपाचा आवाज. सोबत बांगड्यांचा, अगदी हलका.

डोळे उघडले. कोणी नव्हतं.

अंगावर काटा आला, पण भीती फार टिकली नाही. तीन वर्षांनी घरात बांगडी वाजली होती. चतुराच आली, असं त्यांनी मनाशी धरलं. आणि मग टाकीवरचं ते दुसरं नाव त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

शनिवारी त्यांनी बत्ती भांड्यांवर नावं घालणाऱ्या बंडूजींकडे नेली. जुनं नाव घासून चतुराबाईंचं घाला म्हणाले.

"कोनाचं नाव असं मिटवू नाई, दौलतराव."

दौलतरावांनी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी उजेड लाल पडला. ते वाट पाहत बसले.

"चतुरे..."

बत्ती विझली.

आठ दिवस असंच. शेवटी त्यांना कळून चुकलं, चतुरा कधी आलीच नव्हती. एक परकी बाई त्यांना सोबत करत होती, आणि तिला त्यांनीच घराबाहेर काढलं होतं. त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले.

बंडूजींकडून त्यांनी जुनं नाव पुन्हा घालून घेतलं. पण बत्ती पुन्हा तशीच विझली. अंधारात त्यांनी हात जोडले.

"देवकाबाई, चुकलो मी. या."

बराच वेळ गेला. त्यांनी काडीपेटी चाचपडून हातात घेतली. तेवढ्यात...

फस्... फस्...

समोरच. बांगड्याही वाजल्या.

काडी ओढली असती तर दिसलं असतं. त्यांनी ओढली नाही. उजेडात कोणी दिसलं नाही, आणि आवाजही थांबला तर...?

आता दौलतराव बत्ती पेटवतच नाहीत. दिवेलागण झाली की काडीपेटी हातात धरून अंधारात बसतात.

वैभव फोन करून म्हणतो, "बाबा, वर्ध्याले या. एकटे काऊन राह्यता?"

"एकटा कुठं? पाहुनी हाय ना घरी."

कोण पाहुणी, हे वैभवने अजून विचारलेलं नाही. फोनमध्ये बांगड्या वाजलेल्या त्यानेही ऐकल्या आहेत.