पलटणीच्या फोटोतला माणूस

"मेले, मेले!" खालचे उदबत्तीवाले शेट्टी ओरडले आणि जिन्यावर पावलं वाजली.

बिंदुमाधवला पुण्याहून बदलून कानडी मुलखात, चामराजपेटेत येऊन महिना झाला होता. रोजच्या धावपळीने त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. बायकोच्या भावाकडे, खासगी तपासनीस त्रिविक्रमकडे, तो उतरला होता. येणाऱ्या प्रत्येक अशिलाला शेट्टी शिव्या का घालतात, हे कोडं मात्र त्याला सुटलं नव्हतं.

आलेल्या बाईंचं नाव सुनंदाबाई. सोबत मुलगी नीरजा. दोघी पुण्याच्या, इथे लग्नाला आलेल्या.

"स्वल्प बसा, जरा दम घ्या," पाय चोळत त्रिविक्रम म्हणाला. त्याचीही आज दमछाक झाली होती.

"मालक चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात बेपत्ता झाले. चौदा वर्षं झाली, मी कुंकू पुसलं नाही," बाई म्हणाल्या. "आज नीरजाला मराठी पलटणीतल्या माजी सैनिकांचं संग्रहालय दाखवायला नेलं. तिथं पलटणीच्या फोटोत ते दिसले. झाडणाऱ्या बाईला बोट ठेवून विचारलं. म्हणाली, मेले. पुढे आणखी काही बोलली, पण मी ऐकलंच नाही. दुपारी परत गेलो तर फोटो गायब. कुंकू उद्या गावी जाऊन पुसेन. पण फोटो तेवढा मिळवून द्या."

त्रिविक्रमने नवऱ्याचं, दामोदरचं, शेवटचं पत्र मागून घेतलं. प्रत्येक शब्दावरची रेषा शेवटी खाली घसरलेली होती.

मायलेकींसह ते संग्रहालयात पोहोचले. तो एक जुना बंगला होता. गंजक्या तलवारी, बंदुका, शेजारी ताज्या शाईच्या मराठी चिठ्ठ्या. त्यांवरच्या रेषाही घसरलेल्या. घाईत लिहिल्या असाव्यात, असं बिंदुमाधवला वाटलं. रिकामी चौकट जाग्यावरच होती. चारही खिळे काढून कुणीतरी नीट ओळीने ठेवले होते.

राखणदार पिराजी जुना शिपाई. मेजावर जेवणाचे दोन डबे.

"चिठ्ठ्या छान लिहिता," त्रिविक्रम म्हणाला.

"मी कसला लिहितो, साहेब? अंगठेबहाद्दर माणूस."

"वर कोण असतं?"

"कोणी नाही. अडगळ आहे." पिराजीने जिन्याकडे बघायचं टाळलं.

झाडणारी यल्लव्वा ओसरीवर बसली होती. त्रिविक्रमने मराठीत विचारलं, "फोटो कुणी नेला, अक्का?"

"मराठी बरल्ल," ती म्हणाली. मराठी येत नाही, एवढं बिंदुमाधवलाही कळलं.

"चोर पिराजीच," तो कुजबुजला. "किल्ल्या त्याच्याकडे, अण्णा. खोटंही बोलतोय."

"सरी, खरंय, खोटं बोलतोय. पण भावोजी, जिला मराठी येत नाही, ती मराठीत 'मेले' कशी म्हणेल?"

बिंदुमाधवने वळून पुन्हा यल्लव्वाकडे पाहिलं.

त्रिविक्रमने सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. त्याचा आवाज थकलेला होता.

"खिळे काढून नीट ठेवणारा चोर बाहेरचा नव्हे, घरचाच. डबे दोन, जेवणारा एक. पिराजीला लिहिता येत नाही, तरी चिठ्ठ्या लिहिल्या जातात. आणि त्यांवरच्या रेषा या पत्रासारख्याच घसरतात. सुनंदाबाई, तुम्ही फोटोवर बोट ठेवलंत आणि यल्लव्वाने खरं तेच सांगितलं. कन्नडमध्ये 'मेले' म्हणजे वर. वर आहेत, असं ती म्हणाली होती."

बिंदुमाधवला शेट्टी आठवले. बिचारे महिनाभर लोकांना जिना दाखवत होते.

पिराजी मटकन खाली बसला. "अर्धं तोंड भाजलंय, वहिनी. घरी कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती दामोदरने. सकाळी वरून त्याने तुम्हाला पाहिलं. फोटो दाखवत गावभर विचारत फिराल म्हणून काढून नेला."

सुनंदाबाई हलल्या नाहीत. बिंदुमाधवला वाटलं, बाई आता कोसळणार.

वरून घोगरा आवाज आला, "सुनंदा, येऊ नकोस. तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"तुमचं तोंड बघायला कोण येतंय?" बाईंनी पदर खोचला. "चौदा वर्षं साठलंय. मी भांडायला येतेय."

नीरजाचा हात धरून त्या चढू लागल्या. चौथ्या पायरीवर त्यांना धाप लागली, तशा त्या कठड्याला टेकल्या. मग वरून कुणीतरी लंगडत, एकेक पायरी खाली उतरत असल्याचं ऐकू आलं.