कसंही चालेल

हिरव्या कागदी फितीचं एक भेंडोळं सपकन माझ्या कानावर आदळलं, आणि मागून कुणीतरी अगदी गंभीर आवाजात म्हणालं, "चुकलं. मी धक्क्यावर फेकत होते."

मी वळून पाहिलं. सात-आठ वर्षांची एक मुलगी, पिवळी टोपी, पुढचा एक दात पडलेला. आमचं जहाज कोबे बंदरातून सुटत होतं आणि डेकवरचे प्रवासी धक्क्यावरच्या आपापल्या माणसांकडे रंगीत फिती फेकत होते. एक टोक आपल्या हातात, एक त्यांच्या; तुटेपर्यंत धरून ठेवायचं.

"धक्क्यावर कोण आलंय तुझं?"

"कुणीच नाही. पण फेकायची तर असते ना?"

"कोउमे!" गर्दीतून वाट काढत एक उंच माणूस आला. वाकून, वाकून माफी मागू लागला. "लागलं का हो? एरवी तिचा नेम चांगला असतो..."

"म्हणजे मलाच मारायचं होतं?"

तो असा लाल झाला की मला हसू आवरेना. मग त्यानं फितीचं सुटं टोक उचललं, जरा घुटमळला, आणि माझ्यापुढे धरलं. "एवढं धरता का? सगळ्यांच्या फिती कुणी ना कुणी धरल्यात."

मी धरलं. कोउमे दोन हातांच्या अंतरावर उभी राहून मला मन लावून टाटा करत राहिली, आणि मीही वेड्यासारखी तिला टाटा करत राहिले. तो मात्र समुद्राकडे न बघता माझ्याकडे बघत होता. खोटं कशाला बोलू... ते मला तेव्हाच कळलं होतं.

माझ्या काखेत त्या वेळी कागदांचा एक जाड गठ्ठा होता. मी जहाज कंपनीच्या कचेरीतली बाई. सात दिवसांच्या या सफरीत प्रवाशांची मतं गोळा करायला मला पाठवलं होतं. प्रश्न एकच — 'पुढच्या वर्षापासून या जहाजावर फक्त मोठ्यांनाच घ्यावं का?' खाली तीन चौकटी: मुलं हवीत, मुलं नकोत, कसंही चालेल.

त्याचं नाव सेरिझावा. जहाजावरच्या आजोबा मंडळींना गो शिकवायला कंपनी दर शरदात त्याला बोलवायची. काळ्या-पांढऱ्या गोट्यांचा तो खेळ, तासन्‌तास चालणारा, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. कोउमे त्याची मुलगी; घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती सोबत. आणि ती नुसती सोबत नव्हती. आजोबांना धडाधड हरवत होती!

"मुलं नकोत!" मिनोबे आजोबांनी माझ्यासमोर चौकटीत दणकून खूण केली. ते निवृत्त मुख्याध्यापक. "चाळीस वर्षं पोरं सांभाळली. आता पुरे."

"आजोबा, काल तुम्ही तिच्याशी तीन डाव हरलात म्हणून नाही ना?" मी विचारलं.

"दोन! तिसरा अर्धा राहिला."

बाकी लोक इतके सरळ नव्हते. बायका म्हणायच्या, मुलं किती गोड असतात नाही... आणि मग आवाज खाली आणून, पण गरम पाण्याच्या हौदात उड्या मारतात हो. बहुतेक जण शेवटी पेन जरा हवेत धरायचे आणि तिसऱ्या चौकटीत खूण करायचे. कसंही चालेल. दुपारपर्यंत तो शब्द माझ्या तोंडात बसला. चहा की कॉफी? कसंही चालेल. खिडकीजवळ की आत? कसंही चालेल.

सेरिझावा रोज संध्याकाळी माझे कागद लावायला मदत करायचा. मदत कसली — एक कागद लावायला त्याला पाच मिनिटं लागायची.

"तुमचं काम फार सावकाश आहे," मी म्हणायची.

"घाईनं केलं तर संपेल ना," तो म्हणायचा, कागदाकडे बघत.

कागोशिमाला उतरलो त्या दिवशी समोरच्या साकुराजिमा ज्वालामुखीनं सकाळीच राख उडवली होती. बारीक करडी राख, पिठासारखी, गुपचूप पडत होती. तिथल्या लोकांनी छत्र्या उघडल्या आणि ते आपापल्या कामाला लागले. माझ्याकडे छत्री नव्हती. त्याच्याकडे होती, आणि ती एकाच माणसाच्या मापाची होती. कोउमे मिनोबे आजोबांचा हात धरून पुढे चालली होती. 'पोरं पुरे' म्हणणारे आजोबा तिला रताळ्याचं आइस्क्रीम घेऊन देत होते.

"तुमचं काय मत, इनागाकी सान?" त्यानं विचारलं. "मुलं हवीत की नकोत?"

"माझं मत लिहायला कागदावर जागा नाही."

"मी करून देतो जागा." त्यानं छत्री माझ्या बाजूला आणखी कलती केली. त्याचा अख्खा खांदा करडा झाला. "सांगा."

माझ्या पापणीवर राख पडली होती. त्याचा हात वर आला... आणि मध्येच थांबला. मग त्यानं खिशातून घडी केलेला रुमाल काढून दिला. मला तो रुमाल नको होता. मला तो हात हवा होता. पण मी "आभारी आहे" म्हणाले आणि डोळे पुसले.

"तिची आई सेंदाईला असते," तो थोड्या वेळानं म्हणाला. "नवं घर केलंय तिनं. तिथे... मुलासाठी जागा नाही म्हणाली. कोउमे पाच वर्षांची होती. तेव्हापासून ती कुणाच्या घरी गेली की आधी दारात उभी राहते. आत बोलावेपर्यंत पाऊल टाकत नाही."

मी त्याच्या रुमालाची घडी घालत राहिले. तेहतीस वर्षांची मी, कोबेच्या नादा भागातलं दोन खोल्यांचं माझं घर, रविवारी दुपारी तिथली शांतता... मला मुलं आवडत नाहीत असं नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची. त्यांना एकदा आत घेतलं की परत काढता येत नाही, याची भीती.

नाहाला पोचलो तेव्हा कचेरीतून साहेबांचा फोन आला. "किती जमले?"

"निम्मे तर 'कसंही चालेल' आहेत, साहेब."

"ते सगळे 'नकोत'मध्ये धर."

"पण तसं त्यांनी लिहिलं कुठंय?"

"इनागाकी, तू या देशात नवी आलीस का? तोंडावर 'नको' म्हणायची लाज वाटते, तेव्हा माणूस 'कसंही चालेल' म्हणतो. ज्याला हवं असतं तो 'हवं' म्हणतो."

संध्याकाळी मी साहेबांची नक्कल करून सेरिझावाला हे सांगितलं. तो हसला, पण पुरतं नाही. "खरंय त्यांचं," तो म्हणाला. "तुम्ही काय करणार?"

"सांगितलंय तसं करणार. नोकरी आहे."

त्यानं हातातला कागद गठ्ठ्यावर ठेवला. त्या दिवशी एकच लावला त्यानं.

शेवटच्या सकाळी जहाज कोबेच्या जवळ आलं होतं. समुद्रावर धुकं, डेकवर ओल्या लाकडाचा वास, आणि मोकळ्या खुर्च्यांच्या रांगा. मी कठड्याशी उभी होते. तो आला. नेहमीसारखा हळू नाही, भराभर चालत, जणू थांबला तर परत फिरेल.

"इनागाकी सान, मला बोलायला जमत नाही. म्हणून एका दमात विचारतो." त्यानं श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. उतरल्यावरही मला तुम्हाला भेटायचंय. एखाद्या रविवारी नाही... सगळे रविवार. पण माझ्यासोबत कोउमे आहे. ती नेहमीच असणार. तुमच्या घरात — तुमच्या आयुष्यात — मुलगी चालेल का तुम्हाला?"

हो म्हणायचं होतं. तू ये, तिला घेऊन ये, तिच्या शाळेचं दप्तर माझ्या दारात पडू दे... हे सगळं होतं आत. आणि तिथेच ती भीतीही होती. मला वाटलं, त्यानं अजून एकदा विचारावं. जरा आग्रह करावा. तोवर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी हसले, आणि सात दिवस तोंडात घोळलेला शब्द घसरला.

"कसंही चालेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले. घे ना रे परत विचारून, असं मी मनात म्हणत होते.

"बरं," तो म्हणाला. मग वाकला. ओळखीच्या माणसाला वाकतात तसा नाही; गिऱ्हाइकाला वाकतात तसा, कमरेतून, नीट.

धक्क्यावर मी त्यांना गर्दीतून जाताना पाहिलं. कोउमेनं मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, झोपेत असेल.

त्यानं फोन करावा म्हणून मी नोव्हेंबरभर वाट पाहिली. आपण करावा हे सुचलं नाही असं नाही. पण त्यानं विचारलंय तर पुढचं पाऊलही त्यानंच टाकावं, असला मूर्ख मान धरून बसले. डिसेंबरात अहवाल दिला. साहेबांनी सांगितलं होतं तशीच बेरीज, खाली माझं नाव. जानेवारीत निर्णय झाला: एप्रिलपासून जहाज फक्त मोठ्यांसाठी.

जहाजावर शिकवणाऱ्यांना तसं कळवायचं होतं. बाकीच्यांना मी पत्रं पाठवली. सेरिझावाचं पत्र पर्समध्ये घालून मी कोबेजवळच्या आकाशी शहरात गेले.

एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा गोचा वर्ग होता. दुपारची वेळ, वर्ग रिकामा. त्यानं मला आत घेतलं, चहा दिला, पत्र वाचलं, घडी घातली.

"अंदाज होताच. कोउमेला सोडून मी येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"सेरिझावा सान, मी पत्रासाठी आले नाही." चहाचा पेला मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "त्या सकाळी मी चुकीचं बोलले. मला 'हो' म्हणायचं होतं. तुम्ही दोघं हवे होतात मला. अजूनही हवे आहात. तुम्ही परत एकदा विचारलं असतंत तर—"

"मी विचारलं असतं," तो हळूच म्हणाला. "माझा प्रश्न असता तर दहादा विचारला असता."

मला कळलं नाही.

"प्रश्न कोउमेचा होता. तुमच्या घरी आम्ही दोघं राहायला आलो तर चालेल का, हे तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, जा, तू विचार. तर म्हणाली, बाबा, तुम्हीच विचारा. मी विचारलं तर त्यांना 'नको' म्हणायला जड जाईल." तो थांबला. "ती खुर्च्यांच्या मागे बसली होती. तुम्ही बोललात ते तिनं ऐकलं. आगगाडीत तिनंच माझी समजूत घातली. म्हणाली, ताई चांगल्या आहेत, म्हणून 'नको' म्हणाल्या नाहीत."

मला रडू आलं. लपवायचं सुचलंही नाही.

तेवढ्यात दार सरकलं आणि कोउमे शाळेतून आली. उंच झाली होती. तो दातही आला होता. मला बघून ती दारातच थांबली, मग वाकून नमस्कार केला.

मी उठून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. आता कुणी परत विचारायची वाट बघायची नव्हती. "कोउमे, जहाजावर मी खोटं बोलले. मला तू हवी होतीस. खूप. मला सांगता आलं नाही."

तिनं ते नीट ऐकून घेतलं. एखादा अवघड डाव बघावा तशी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तेव्हा सांगायचं ना, ताई," ती म्हणाली. रागावून नाही. मी एखादी साधी गोष्ट विसरले असेन, तसं.

मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पत्राची घडी पुन्हा पुन्हा दाबत होता, आणि त्यानं मान वर केली नाही. बाहेर मुलांचे आवाज येऊ लागले होते. चारचा वर्ग सुरू व्हायचा होता.

"आता मुलं येतील," तो म्हणाला. "इतक्या लांब आलात... खरंच आभारी आहे."

मी पर्स उचलली. कोउमे माझ्या आधी दाराशी गेली, खाली बसली, आणि माझे बूट उचलून, टाचा जुळवून, रस्त्याकडे तोंड करून ठेवले. पाहुणा निघाला की ठेवतात तसे. मी ते घातले, तिचे आभार मानले आणि बाहेर पडले.