सातव्या ट्रॅकवरचं घोरणं

टेप सुरू झाली. ट्रंपेटच्या जागी आल्या दोन टाळ्या, आणि मग घोरणं. साधंसुधं नाही, चांगलं पोटातून आलेलं. चार मिनिटं.

कानसेनांचा चेहरा पडला. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या या गृहस्थांना लोक कौतुकानं कानसेन म्हणत, आणि त्यांना ते पटतही असे.

डिस्कोचा अल्बम होता, पण साथीला जुन्या बिग बँडचे अकरा वाजवणारे. त्यात ट्रंपेटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका. प्रत्येकाचा माइक वेगळा आणि टेपवरचा ट्रॅकही वेगळा; काकांचा सातवा. परवा त्यांनी असा सोलो वाजवला की सगळे गप्प झाले. काल त्यांचे पुढचे दोन्ही दात काढले. दातांच्या आधाराशिवाय ट्रंपेट फुंकता येत नाही, म्हणजे तो सोलो आता पुन्हा होणे नाही.

आणि तो कुणीतरी पुसला होता!

"किल्ली दोघांकडेच," कानसेन गरजले. "माझ्याकडे आणि तुझ्याकडे."

ड्रम वाजवणारी ताई, काकांची पुतणी, च्युइंगम चघळत होती. "मग?"

"काल दिवसभर कुठे होतीस?"

"दवाखान्यात, काकांचा हात धरून. विचारा त्यांना."

कोपऱ्यात बसलेल्या काकांनी तोंडातल्या कापसासकट मान हलवली.

"ट्रंपेटखाली ड्रम दबतात, असं तूच म्हणालीस ना?"

"तोंडावर म्हणाले. चोरून घोरायची काय गरज?"

कानसेन येरझाऱ्या घालू लागले. "घोरणं फक्त सातव्या ट्रॅकवर आहे. म्हणजे बँड नसताना, रिकाम्या हॉलमध्ये, काकांच्या माइकखाली कुणीतरी झोपलं. आणि आधी टाळ्या! चेष्टाच ती."

"टाळ्या कुणाला हव्या होत्या?" ताईनं विचारलं.

"मला. डिस्कोला टाळ्या लागतातच. काल दुपारीच भरल्यात मी, आठव्या ट्रॅकवर. हे बघ."

त्यांनी ऐटीत आठवा ट्रॅक लावला.

काही नाही. नुसती खरखर.

कानसेन हळूच खुर्चीत बसले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"सांगा की," ताई म्हणाली. "गुन्हेगार सापडला ना?"

"सापडला." आवाज अगदी बारीक झाला होता. "त्यानं आठचं बटण समजून सातचं दाबलं. टेप सोडून हॉलमध्ये गेला, गालिच्यावर बसला. दोन टाळ्या वाजवल्या. जेवण जरा जास्त झालं होतं. जाग आली तेव्हा टेप संपली होती. त्याला वाटलं, टाळ्या झाल्या वाजवून." त्यांनी ताईकडे पाहिलं. "आणि आज तो तुला दम देत होता."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"काका, मला तोंड दाखवायला जागा उरली नाही."

काकांनी कापूस काढला. "शॅक्शोफोन लाव."

"काय?"

"शॅक्शोफोनचा ट्रॅक. आम्ही कोंडाळं करून बशतो म्हणून तू तणतणला होताश ना?"

खरंच तणतणले होते. हल्ली प्रत्येकाला काचेच्या वेगळ्या खोलीत बसवतात. बँडवाले ऐकेनात, एकमेकांचा श्वास कळल्याशिवाय वाजवता येत नाही म्हणाले.

कानसेनांनी ट्रॅक लावला. आधी स्पीकरवरून त्यांचाच आवाज, माइकनं टिपलेला: "किती वेळा सांगायचं! लांब बसा! तुमचा आवाज दुसऱ्यांच्या माइकमध्ये सांडतोय!"

आणि मग, सॅक्सोफोनच्या मागून, लांबून, पण अख्खा, काकांचा ट्रंपेट.

सोलो संपेपर्यंत कानसेनांची मान खालीच. मग त्यांनी टेपमधून आपल्या आवाजाचा तुकडा कापायला ब्लेड उचललं.

काकांनी त्यांचा हात धरला. "तेवढं पुशू नकोश."